तीन सेकंद

हडर्सफील्डला आमच्या गल्लीत
सीडी भरायचं यंत्र फक्त माझ्याकडे.
दोन हजार एकच्या सेलमधलं,
व्हीसीआरएवढं, काळं, पुढे दोन कप्पे:
एकात वाजवायचं, दुसऱ्यात भरायचं.
हिचं म्हणणं, एवढ्यात जिन्यावरचा गालिचा झाला असता.

बातमी कशी फुटली कोण जाणे,
दळण आणावं तसे लोक येऊ लागले.
पिशवीत एलपी, बुटांच्या खोक्यात कॅसेटी.
मीही नंबर लावले, चिठ्ठ्या डकवल्या.
कोरी तबकडी ज्याची त्यानं आणायची,
तीही 'म्युझिक' छापलेलीच. स्वस्तातली
हे यंत्र तोंडात घेतं, घोळवतं,
आणि बाहेर काढून ठेवतं. तापातल्या पोरासारखं.

गल्लीच्या टोकाची खरी गिरणी, लोकरीची,
केव्हाच बंद. तिच्या आवारात आता
ट्रॉल्या एकमेकींत घुसवून ठेवलेल्या असतात.

त्या गिरणीच्या बँडची एक कॅसेट घेऊन
मिसेस हेग आल्या. कार्डिगनच्या खिशातून काढली,
अंडं काढावं तशी.
क्लिफर्डनं एकतीस वर्षं कॉर्नेट वाजवला,
मग बँडच सांभाळला. ही कँटीनमधली तालीम.

मी सगळं चोख केलं.
उजळत्या पट्ट्या लालला शिवू दिल्या नाहीत,
'आवाज आला की आपोआप सुरू हो' ही कळ दाबली
आणि चहा टाकायला गेलो.

दुसऱ्या दिवशी त्या दारात.
"बँड छान आलाय," म्हणाल्या. "पण तो कुठाय?"

कॅसेटभर क्लिफर्ड एकदाच बोलतो,
अगदी सुरुवातीला. घसा खाकरतो,
खुर्ची सरकते, मग हलक्यानं:
चला पोरांनो. दोन, तीन.
यंत्राच्या हिशेबात ही शांतताच.
त्याला जाग आली ती भोंग्यांनी.
आणि जळलेली तबकडी पुसता येत नाही,
काळ्या दगडावरची रेघ, फक्त दगड चकचकीत.

दुसऱ्यांदा हातानं धरलं.
आधी टेपची नुसती खरखर भरू दिली,
मग खाकरणं, मग खुर्ची.
"दोन, तीन"नंतर अख्ख्या कँटीननं
श्वास घेतलेला ऐकू येतो.
त्या कोट न काढता उभ्या होत्या.
तिथंच हात वर केला: बास.
संगीत त्यांना पाठ होतं.

मग फायनलाइज. दोन-अडीच मिनिटं
यंत्र आतल्या आत दार लावून घेतं.
तेवढं केलं नाही तर तबकडी
माझ्या घराबाहेर मुकी.
त्यांनी आल्याचा केक आणला, डबा परत मागितला.
पहिली, चुकलेली, मी बंद केलेली नाही.
एकदम भोंग्यांनीच सुरू होते.
कधीतरी लावतो.

आता रांगेत कोणी नाही.
कपाटात तळाला माझी एक आहे,
इचलकरंजीहून आलेलं बोलकं पत्र, त्र्याऐंशीचं.
मलगोंडादादा मागाच्या खात्यात उभा राहून
माझ्याशी ओरडून बोलतो:
सूत म्हाग झालंय. म्हस व्याली, रेडीच.
तू येणार कवा?

तीन सेकंद शांतता मिळाली की
हे यंत्र पुढचा नंबर टाकतं.
वीस मिनिटं झाली, आकडा एकवरच.
खटाखट खटाखट,
दादा दम खायला थांबला तरी
माग थांबत नाहीत.

"आज कुणाचं दळण?" हिनं स्वयंपाकघरातून विचारलं.
मग हात पुशीत दारात आली.
"केवढा हा आवाज."

मी पट्टी एक घर खाली आणली.
थोड्या वेळानं
पुन्हा एक घर वर.